बीई कम्प्युटरचा प्रोजेक्ट: विषय ठरवण्यापासून ओरलपर्यंत, एका खाड्याच्या वहीसह

दरवर्षी जुलै संपत आला की माझ्या केबिनच्या दारात एक ग्रुप उभा राहतो. एक जण बोलतो, दोघं मोबाइल बघतात आणि चौथा अजून गावाहून आलेला नसतो. "सर, टॉपिक द्या ना." मी म्हणतो, तुम्हीच आणा. मग दोन दिवसांनी यादी येते: चेहरा ओळखून हजेरी, हृदयविकाराचं भाकीत, कुठलं पीक लावावं, खोट्या बातम्या ओळखणं. यादीतल्या प्रत्येक विषयावर गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) ढिगानं कोड पडलेला आहे आणि ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, येणाऱ्या एक्स्टर्नलनं (बाहेरच्या परीक्षकानं) तो सगळा बघितलेला असतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कम्प्युटर, आयटी किंवा एआयच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सातव्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा पहिला टप्पा, आठव्याला दुसरा. ऑटोनॉमस कॉलेजांत किंवा २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ झालेल्या सीओईपीत वेळापत्रक आणि मार्कांची वाटणी वेगळी असेल, काम तेच.

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. व्हिज्युअल बेसिक आणि अॅक्सेसच्या जमान्यात आमच्या ग्रुपनं शहरातल्या एका दुकानातून तयार प्रोजेक्ट विकत घेतला होता. सीडी, छापील रिपोर्ट आणि 'ओरलला काय विचारतील' याची दोन पानं, असं सगळं एका पिशवीत. ओरलला एक्स्टर्नल सर म्हणाले, "फार छान. आता या फॉर्मवर एक बटण वाढवून दाखव." प्रोजेक्टच्या फाइलला पासवर्ड होता आणि तो दुकानदाराकडे होता. पास झालो, पण ते मार्क दयेचे होते. तेव्हापासून मी एक्स्टर्नल म्हणून गेलो की पहिली फर्माईश तीच करतो. बटण वाढवा.

विषय शोधू नका, वही शोधा

पुण्यात हजारो वह्या रोज भरल्या जातात. दूधवाल्याच्या रतिबाची वही, सोसायटीच्या वॉचमनकडची टँकरची वही, नव्या पेठेतल्या अभ्यासिकेतली खुर्च्यांची वही, पिठाच्या गिरणीवरची, मार्केट यार्डातल्या आडत्याची. यातली कुठलीही एक वही म्हणजे चालू स्थितीतली माहिती-प्रणाली असते. तिला वापरणारा माणूस आहे, नियम आहेत, अपवाद आहेत आणि चुकलं तर कुणाचे तरी पैसे जातात. तुम्ही चार वर्षं डीबीएमएस, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, मशीन लर्निंग असं जे सुटं सुटं शिकलात, ते इथे एकत्र लागतं.

वही निवडताना मी पोरांना एवढंच बघायला सांगतो: ती रोज लिहिली जाते का, वहीचा मालक गाडीवर पंधरा मिनिटांत गाठता येतो का, आणि दर आठवड्याला तुम्ही जाऊन बसलात तर तो वैतागणार तर नाही ना. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मोठ्या हॉस्पिटलचा किंवा बँकेचा डेटा मिळेल असं कुणाच्या काकांनी सांगितलं असेल तर ते विसरा. डिसेंबरपर्यंत तो मिळत नाही आणि डिसेंबरनंतर विषय बदलता येत नाही.

इथून पुढे मी एकच उदाहरण घेऊन चालतो: कर्वेनगरातली एक मेस. महिन्याचे साधारण नव्वद सभासद, चालवणाऱ्या एक काकू, मदतीला दोन मावश्या. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. आणि गल्ल्याजवळ दोरीला बांधलेलं पेन आणि खाड्याची वही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: मेसला जेवायला येणार नसाल तर आधी सांगून खाडा धरायला लावायचा, म्हणजे महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे कापले जातात. काकूंचे प्रश्न दोन. उद्या किती पानं होतील, म्हणजे किती जण जेवतील, आणि महिनाअखेरीला कुणाचे किती कापायचे.

पहिला महिना: लॅपटॉप उघडायचा नाही

ऑगस्टमध्ये ग्रुपनं आळीपाळीनं तिथे जाऊन बसायचं. जेवायला जाणं वेगळं आणि दुपारी साडेअकराला कणीक मळली जात असताना कोपऱ्यात बसणं वेगळं. रोज एक आकडा टिपायचा: दुपारी प्रत्यक्ष किती जण जेवले. त्याच्याशेजारी दुसरा आकडा: सकाळी काकूंनी किती जणांचा अंदाज धरला होता. काकूंना रोज विचारायचं, "काकू, आज किती?" पहिल्या दिवशी त्या हसतील. चौथ्या दिवशी न विचारता सांगतील.

हे दोन आकडे इतके महत्त्वाचे का, ते पुढे कळेल. आत्ता एवढंच की गेलेल्या दिवसाचा आकडा नंतर कुणीही आणून देऊ शकत नाही. फेब्रुवारीत 'सर, डेटा कमी आहे' म्हणून येणारा ग्रुप हा ऑगस्टमध्ये न बसलेला ग्रुप असतो.

बसल्यावर जे नियम कानावर पडतात ते जसेच्या तसे लिहून घ्या. आमच्या उदाहरणातले असे: खाडा आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचा. एकेक दिवसाचा सुटा खाडा धरत नाहीत, सलग तीन किंवा जास्त दिवस असतील तरच पैसे कापतात. रविवारच्या फीस्टला खाडा नाही. "पण एखाद्याच्या घरी काही वाईट झालं असेल तर मी एक दिवसाचाही धरते," हे काकू शेवटी, भांडी घासायला टाकताना सांगतात. हा अपवाद तुमच्या प्रणालीत बसला पाहिजे, म्हणजे नियम ओलांडून खाडा धरायचा अधिकार काकूंना पाहिजे आणि तो कधी ओलांडला याची नोंद राहिली पाहिजे. रिक्वायरमेंट गोळा करणं म्हणजे हेच. पुस्तकात त्याची व्याख्या पाठ केलेली असते, पण भांड्यांच्या आवाजात ते ओळखू येत नाही.

सभासदांची नावं आणि मोबाइल नंबर तुमच्या हातात येणार आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरी सभ्यपणा आहेच. जेवढं लागतं तेवढंच घ्या, काकूंची आणि सभासदांची परवानगी घ्या, आणि रिपोर्टमध्ये नावांच्या जागी क्रमांक टाका. वहीच्या पानाचा फोटो नावांसकट ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधलेल्या रिपोर्टात, छापलेला मी पाहिलाय. तसं करू नका.

सिनॉप्सिस

सिनॉप्सिस म्हणजे प्रोजेक्टचा थोडक्यात आराखडा. यावर फार वेळ घालवू नका. कॉलेजचा साचा असतो, तो भरा. फक्त उद्दिष्टाच्या रकान्यात मोजता येईल असं वाक्य लिहा. 'मेस व्यवस्थापन अधिक स्मार्ट करणे' हे वाक्य म्हणजे वाफ. 'दुपारच्या पानांचा अंदाज, गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराच्या आकड्यापेक्षा कमी चुकीनं सांगणे' हे वाक्य तपासता येतं. गाइडनं 'थोडं ब्लॉकचेन टाका' (नोंदी एकाकडे न ठेवता अनेकांकडे वाटून ठेवायचं तंत्र) असा आग्रह धरला तर नम्रपणे विचारा, एकाच वहीवर एकाच काकूंचा विश्वास असताना तो विकेंद्रित कशासाठी करायचा. बहुतेक गाइड हसून सोडून देतात.

टेबलं: इथे घाई केली की मार्चमध्ये रडावं लागतं

सप्टेंबर डेटाबेसला द्या. सभासद, खाडा आणि रोजची हजेरी अशी तीन टेबलं या मेसला पुरतात. खरी गंमत खाड्याच्या टेबलात आहे.

बहुतेक ग्रुप खाडा असा साठवतात: सभासद, कधीपासून, कधीपर्यंत. दिसायला सुटसुटीत. आता समजा एका मुलानं ३ ते ७ तारखेचा खाडा सांगितला. गावी गेला, तिथे मुक्काम वाढला, म्हणून फोन करून म्हणाला, "काकू, ६ ते ९ पण धरा." वहीत दोन नोंदी झाल्या. पहिलीचे दिवस पाच, दुसरीचे चार, बेरीज नऊ. प्रत्यक्षात तो ३ ते ९ असे सातच दिवस नव्हता. दोन दिवसांचे पैसे काकूंच्या खिशातून गेले, आणि नव्वद सभासदांत असं महिन्याला किती वेळा होत असेल ते तुम्हीच मोजा. वहीत काकू हे डोळ्यांनी पकडतात. तुमचा प्रोग्रॅम पकडत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक दिवसाची एक वेगळी ओळ ठेवायची: सभासद, तारीख, वेळचं जेवण. आणि या तिघांवर मिळून युनिक बंधन घालायचं, म्हणजे तीच ओळ दुसऱ्यांदा जाता कामा नये. नुसतं दुपारचं जेवण धरलं तर ३ ते ७ च्या पाच ओळी जातात. ६ ते ९ 'इन्सर्ट ऑर इग्नोर'नं टाकताना ६ आणि ७ आधीच असल्यामुळे डेटाबेस त्या पुन्हा घेत नाही, फक्त ८ आणि ९ वाढतात. एकूण सात. तपासणीचा कोड तुम्हाला लिहावाच लागत नाही. 'टेबलाची रचना आणि बंधनं एवढी महत्त्वाची का' याचं उत्तर ओरलला या दोन तारखांनी द्या, थर्ड नॉर्मल फॉर्मची व्याख्या म्हणून दाखवण्यापेक्षा ते कितीतरी वजनदार ठरतं.

महिन्याची एकूण बेरीज साठवू नका. लागेल तेव्हा ओळी मोजून काढा. साठवलेली बेरीज आणि मोजलेली बेरीज वेगवेगळी निघाली की खरी कुठली, हे भांडण सुरू होतं.

एवढ्या कामाला एसक्यूलाइट भरपूर झालं. सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये, सर्व्हर चालवायची कटकट नाही. रोज रात्री बॅकअप घ्या आणि महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून डेटा परत उभा करून बघा. न तपासलेला बॅकअप आणि नसलेला बॅकअप यांत फारसा फरक नसतो.

मराठी नावं, मराठी अंक आणि रात्रीचे साडेबारा

या तीन गोष्टी इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडत नाहीत आणि पुण्यात पहिल्याच आठवड्यात गाठतात.

काकू नावं मराठीत टाइप करणार. समजा दोन मोबाइलवरून दोन वेळा 'गोऱ्हे' हे आडनाव टाकलं गेलं. पडद्यावर अगदी एकसारखं दिसतं, पण शोधलं तर एकच नोंद सापडते. कारण त्यातला ऱ्ह दोन प्रकारांनी साठवला जाऊ शकतो. एका कीबोर्डवरून नुक्त्याचा ऱ आणि हलन्त जातो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन चालवलंत तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. नाव साठवण्याआधी एक छोटं फंक्शन लिहून दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्यावं लागतं. चार ओळींचं काम आहे, पण रिपोर्टमध्ये या चार ओळींवर एक अख्खं पान लिहिता येतं आणि ते पान तुमचं स्वतःचं असतं.

दुसरं, अंक. काकूंच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की '८२' असा आकडा येतो. पायथनचं इंट फंक्शन हा देवनागरी आकडा बिनतक्रार वाचतं. जावास्क्रिप्ट मात्र त्याला आकडाच मानत नाही, 'नॉट अ नंबर' म्हणून हात वर करतं. म्हणजे एकच आकडा बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरवर, चालतो आणि ब्राउझरमध्ये अडकतो. कुणी तरी 'मराठी कीबोर्ड वापरू नका' असा सूचनाफलक लावायचा उपाय सुचवेल. त्याला बाजूला बसवा आणि फॉर्ममध्येच अंक बदलून घ्या.

तिसरं, वेळ. सर्व्हर भाड्यानं घेतला की त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पोरगं रात्री साडेबाराला ॲप उघडून 'उद्याचा खाडा' दाबतं. आपल्याकडे ६ तारीख लागलेली असते, सर्व्हरवर ५ तारखेचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. खाडा आदल्या दिवसावर पडतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या सगळ्याच नोंदींचं असं होतं, आणि होस्टेलवरच्या पोरांचा जागं राहायचा तोच वेळ आहे. दिवसाची तारीख नेहमी भारतीय वेळेनुसार काढून मगच साठवा.

अंदाज: आधी मूर्ख पद्धत, मग शहाणी

आता ज्यासाठी बहुतेक ग्रुप उतावीळ असतात ते. मॉडेल.

ऑगस्ट ते फेब्रुवारी रोज मोजलंत तरी सुट्ट्या, दिवाळी आणि परीक्षा वगळून हातात दीड-पावणेदोनशे ओळी पडतील. एवढ्या ओळींवर डीप लर्निंग चालवायला जीपीयू (जड गणितं भराभर करणारी महागडी चिप) मागणारा ग्रुप दरवर्षी भेटतो. त्यांना मी सी-डॅकची गोष्ट सांगतो. हवा तेवढ्या ताकदीचा क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला अमेरिकेनं नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेनं ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिप एकमेकांना जोडून १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. आधी गरज होती, यंत्र नंतर आलं. तुमच्या पावणेदोनशे ओळींची गरज एक्सेलच्या एका पानात भागते.

म्हणून आधी बेसलाइन. म्हणजे डोकं न वापरता करता येईल असा अंदाज, ज्याच्याशी पुढचं सगळं ताडायचं. एक आठवडा घेऊन हातानं करून दाखवतो. हे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत.

सोमवार ते शनिवार प्रत्यक्ष पानं झाली: ८२, ७९, ८५, ७७, ८०, ६१. शनिवारी आकडा पडतो, कारण पोरं गावी पळतात.

पहिली मूर्ख पद्धत: रोज एकच सरासरी सांगायची, समजा ७८. चुका होतात ४, १, ७, १, २ आणि शनिवारी थेट १७. बेरीज ३२, सहा दिवसांनी भागून सरासरी चूक ५.३ पानं.

दुसरी मूर्ख पद्धत: गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराचा आकडा सांगायचा. गेल्या आठवड्यात होते ८०, ८३, ८१, ७८, ७४, ६६. चुका २, ४, ४, १, ६, ५. बेरीज २२, सरासरी ३.७ पानं. फक्त वार लक्षात घेतल्यानं एवढी सुधारणा. तुमचं मॉडेल या ३.७ च्या खाली गेलं नाही तर त्याला मॉडेल म्हणायचं कारण नाही.

आता काकू. त्यांचे सकाळचे आकडे तुम्ही रोज टिपलेत ना? ८५, ८०, ८५, ८०, ८०, ६५. चुका ३, १, ०, ३, ०, ४. बेरीज ११, सरासरी १.८.

इथे ग्रुपचे चेहरे पडतात. पडू देऊ नका, तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट आत्ता सापडली आहे. काकूंचे आकडे पुन्हा बघा. सहाही दिवसांत त्या एकदाही कमी पडलेल्या नाहीत. बरोबर, नाहीतर थोडं जास्त. गेल्या आठवड्याच्या पद्धतीत मात्र तीन दिवस पोळ्या कमी पडल्या असत्या. काकूंच्या लेखी चार पानं उरणं आणि चार पानं कमी पडणं या सारख्या चुका नाहीतच. उरलेल्या पोळ्यांचा दुसऱ्या दिवशी फोडणीचा कुस्करा होतो. उपाशी परत गेलेला पोरगा शेजारच्या मेसला लागतो. तुम्ही वापरलेली सरासरी चूक दोन्हींना एकाच तराजूत घालते. म्हणून कमी पडण्याला जास्त दंड लावणारं मोजमाप घ्या. समजा कमी पडलेल्या एका पानाला तिप्पट दंड. या हिशेबानं दुसऱ्या मूर्ख पद्धतीत कमी पडलेल्या २, ४ आणि ६ चे झाले ३६, जास्त झालेल्या ४, १ आणि ५ चे दहा, एकूण ४६. काकूंचे अकराच. तिप्पट हा आकडाही हवेतून काढू नका, काकूंनाच विचारा.

मग मॉडेलचा उपयोग काय? काकू बहिणीकडे सांगलीला गेल्या आणि अंदाज मावशींवर आला, तेव्हा. किंवा विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक बदललं, गणपतीतले शेवटचे दोन दिवस आले, अशा वेळी. असे दिवस वेगळे काढून तिथे कोण किती चुकतं ते दाखवा. एकूण सरासरीत काकू जिंकल्या तर तसंच लिहा. 'आमचं मॉडेल अनुभवी व्यक्तीपेक्षा सरस ठरलं नाही' हे वाक्य रिपोर्टात लिहिणारा ग्रुप मला पंधरा वर्षांत दोनदाच भेटला, आणि दोन्ही वेळा एक्स्टर्नलनं मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं.

मॉडेल तपासताना ओळी पिसून ट्रेनिंग आणि टेस्ट असं वाटू नका. पिसलं की जानेवारीचे दिवस ट्रेनिंगमध्ये जातात आणि नोव्हेंबरचा अंदाज सांगितला जातो, म्हणजे उद्याचा पेपर बघून आजचं भविष्य. डिसेंबरपर्यंतचे दिवस शिकायला, जानेवारीपासूनचे तपासायला, असा तारखेवरच तुकडा पाडा.

आणि अचूकता फारच छान आली तर घाबरा. एका ग्रुपनं पानांचा अंदाज करायला 'आज केलेल्या पोळ्या' हा रकाना वापरला होता. आकडे सुंदर आले. पण पोळ्या किती करायच्या हे काकू आपल्या अंदाजावरूनच ठरवतात, म्हणजे मॉडेल गुपचूप काकूंचीच कॉपी करत होतं. अंदाज ज्या क्षणी सांगायचा त्या क्षणी जे माहीत असतं तेवढंच आत घ्यायचं.

पावसाचा विचार हमखास निघतो. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसनं, म्हणजे १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलेल्या हवामान खात्याच्या कचेरीनं, १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाची चौकटीवार आकडेवारी तयार केलेली आहे. चौकट आहे पाव अंशाची, म्हणजे जमिनीवर साधारण सत्तावीस किलोमीटरची. कर्वेनगर आणि कोथरूडच काय, जवळपास अख्खं शहर एकदोन चौकटींत बसतं. 'आज पुण्यात पाऊस होता का' एवढं त्यातून कळेल, 'मेसच्या वेळेला गल्लीत होता का' ते नाही. त्यापेक्षा रोज बसणाऱ्यानं वहीत 'पाऊस' असं टिपलं तर जास्त उपयोगी. हार्डवेअर लागलंच, दारात माणसं मोजायचा सेन्सर वगैरे, तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळेल. पण आधी स्वतःला विचारा, काकूंच्या दारात वायर लोंबकळली तर त्या किती दिवस सहन करतील.

काम वाटणं आणि गिट

चौघांत एक कोड लिहितो, एक पीपीटी करतो, एक झेरॉक्स आणतो आणि एक 'मॉरल सपोर्ट' देतो, ही जुनी वाटणी आहे. ती मोडायचा एकच रामबाण मला सापडलाय: सप्टेंबरपासून गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारा प्रोग्रॅम), आणि प्रत्येकाचं कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, त्याच्याच नावानं. रिव्ह्यूला मी पीपीटीच्या आधी कमिटची यादी उघडतो. सगळी कमिट मार्चच्या एकाच रात्रीत असतील तर काही विचारायची गरज उरत नाही. कमिटच्या संदेशात 'अपडेट', 'फायनल', 'फायनल फायनल' लिहू नका. 'एकावर एक आलेले खाडे दोनदा मोजले जात होते, दुरुस्त केलं' असं लिहा. एप्रिलमध्ये रिपोर्ट लिहायला बसाल तेव्हा अर्धा रिपोर्ट या संदेशांतच तयार सापडेल.

एआयकडून कोड लिहून घ्यायला माझी हरकत नाही. अट एकच: जो भाग कमिट केला तो कमिट करणाऱ्याला फळ्यावर समजावता आला पाहिजे. आमच्या वेळी पासवर्ड दुकानदाराकडे होता, आता तो भलत्याकडे असेल, बटण वाढवायला सांगितल्यावर होणारी फजिती तीच.

रिपोर्ट

ब्लॅक बुक म्हणजे काळं हार्ड बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं. आत काय असतं ते फार कमी जण वाचतात, पण एक्स्टर्नल तीन जागा हमखास उघडतो: टेबलांची रचना, निकाल आणि मर्यादा. या तिन्ही स्वतः लिहा. यूएमएलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना दाखवणाऱ्या, आकृत्या साच्यात मागितल्यात तेवढ्याच द्या, आणि आकृतीतली नावं कोडमधल्या नावांशी जुळतात का ते बघा. आकृतीत 'कस्टमर' आणि कोडमध्ये 'मेंबर' दिसलं की आकृती कुठून तरी उचललेली आहे हे कळतं. पैसे भरले की दोन दिवसांत पेपर छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. त्या पैशांत काकूंना प्रिंटर घेऊन द्या. बाइंडिंगच्या दुकानात शेवटच्या आठवड्यात रांग लागते, दहा दिवस आधी जा.

ओरल

डेमो दोन प्रकारे तयार ठेवा, नेटवर चालणारा आणि नेटशिवाय लॅपटॉपवर चालणारा. ज्या दिवशी ओरल असते त्या दिवशी कॉलेजचं वायफाय जात असतं, याला आजवर अपवाद पाहिला नाही.

आदल्या दिवशी एकमेकांचा भाग एकमेकांना विचारा. माझे नेहमीचे प्रश्न इथेच फोडतो. एकूण किती ओळींचा डेटा आहे आणि तो कोणी गोळा केला? सगळ्यात साध्या पद्धतीची चूक किती आणि तुमची किती? एक चुकलेला दिवस दाखवा आणि का चुकला ते सांगा. एकाच माणसाचा खाडा दोनदा टाकून दाखवा. आणि शेवटी, बटण वाढवा.

उत्तर येत नसेल तर 'ते दुसऱ्यानं केलंय सर' म्हणू नका. 'मला माहीत नाही, पण या फाइलमध्ये बघावं लागेल' म्हणत फाइल उघडा. फाइल कुठे आहे हे माहीत असणं म्हणजे अर्धं उत्तर.

ओरल झाल्यावर

प्रोजेक्ट विद्यापीठाच्या लेखी संपला तरी काकूंच्या मेसमध्ये तो चालू असतो, आणि जूनमध्ये तुम्ही कुणी हिंजवडीला, कुणी बंगळूरला गेलेले असता. सर्व्हर भाड्याचा असेल तर पुढचं भाडं कोण भरणार, पासवर्ड कुणाकडे, बंद पडलं तर फोन कुणाला करायचा, हे एका कागदावर मराठीत लिहून गल्ल्याजवळ चिकटवा. हे जमणार नसेल तर काकूंना तसं सरळ सांगा, सगळ्या नोंदी एका एक्सेल फाइलमध्ये काढून द्या आणि त्यांच्यासमोर सर्व्हर बंद करा. दोरीला बांधलेलं पेन आणि वही तोवर तिथेच असू द्या, मधल्या काळात काढून घेऊ नका.

आणि तुमचं मे महिन्याचं मेसचं बिल राहिलं असेल तर ते भरून जा. खाडे तुमच्याच प्रोग्रॅमनं मोजून.